जुनं बी पेरावं की नवं पाकीट आणावं?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. कांद्याचं बी दोन वर्षांचं झालं असेल तर त्याच्यात जीव गुंतवू नका, सरळ नवीन आणा. आणि दुधी, काकडी, लाल भोपळ्याचं बी चार वर्षांचं असलं तरी बिनधास्त लावा. बाकी सगळी मंडळी या दोघांच्या मधे कुठेतरी बसतात.

लोक पाकिटावरची तारीख बघून घाबरतात. ती वैधता टेस्टिंगच्या तारखेपासून साधारण नऊ महिन्यांची असते आणि ती विकणाऱ्यासाठी असते, त्या दिवशी बी मरतं असं काही नाही. उलट नव्या पाकिटालाही शंभर टक्के हमी नसतेच, टोमॅटो आणि कांद्याला ७०, भेंडीला ६५ आणि मिरचीला तर ६० टक्के उगवण असली तरी बी पास होतं. त्यामुळे नवीन आणलं म्हणजे दाणा न दाणा उगवणार असं डोक्यात असेल तर ते काढून टाका.

टोमॅटो आणि वांगं नीट ठेवलेलं असेल तर चार वर्षं आरामात, मुळा आणि कोबीही तसेच. घेवडा, चवळी तीनेक वर्षं. भेंडी दोन, मिरचीही दोनच, आणि मिरची हाच खरा डोकेदुखीचा विषय आहे कारण ताजं बीसुद्धा उगवायला आठवडा-दोन आठवडे घेतं, मग रोप लावण्याजोगं व्हायला अजून पाचेक आठवडे, म्हणजे जुनं बी टाकून तुम्ही वाट बघत बसलात आणि नाहीच आलं तर पाकिटाचे तीस-चाळीस रुपये वाचवण्याच्या नादात अख्खा सीझन गेला. मिरचीला म्हणून मी नवीनच घ्या म्हणेन. मुळ्याचं मात्र चार दिवसांत कळतं, तिथे रिस्क घ्यायला काय जातंय.

मेथी, धणे, मोहरी यांचा तर विचारच करू नका, किराणा दुकानातून मूठभर आणा, धणे चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि पेरा.

आता वयापेक्षा मोठी गोष्ट, बी ठेवलं कुठे होतं. ढोबळ हिशोब असा की बियाण्यातला ओलावा एक टक्का कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की परत दुप्पट. म्हणजे रत्नागिरीत उघड्या कपाटात एक पावसाळा काढलेलं बी आणि फ्रीजमधे घट्ट झाकणाच्या बरणीत तीन वर्षं राहिलेलं बी, यात मी दुसरं निवडेन. (बरणी फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नका, आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर आत पाणी धरतं.) पूर्वी बियाण्यात राख मिसळून मडक्यात भरायचे नाहीतर चुलीच्या वर टांगायचे, ते याचसाठी. इस्राएलमधे मसाडाच्या किल्ल्यात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांचं खजुराचं बी २००५ मधे उगवलं, कारण तिकडची हवा एकदम कोरडी. आपल्याकडच्या जुलैत ते काय टिकणार!

खात्री नसेल तर दहा दाणे ओल्या टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, वर तारीख लिहा. शेतकरी सोयाबीनचं घरचं बियाणं पेरणीआधी गोणपाटात असंच तपासतात, सोयाबीनचं टरफल नाजूक असल्याने आपटलं तरी उगवण जाते. दहातले सात आले तर नेहमीसारखं पेरा, चार-पाच आले तर दुप्पट टाका, एक-दोनच आले तर नवीन आणा. पण नुसते किती आले ते मोजू नका, कधी आले तेही बघा. इतर मोड काढून मोकळे झाल्यावर चार-पाच दिवसांनी जे रडत रडत उगवतं ते टिश्यूत दिसतं, मातीत जीव सोडतं. आणि रात्रभर भिजत घातलं की मेलेलं बी जिवंत होतं हे खोटं, भिजवल्याने जे जिवंत आहे ते जरा लवकर निघतं एवढंच.

एका ठिकाणी मात्र वरचा सगळा हिशोब गुंडाळून ठेवायचा. बी गावरान असेल, आजीच्या परसातलं वालाचं किंवा गावाकडच्या कडू-गोड दोडक्याचं, तर ते कितीही जुनं असो, असेल नसेल ते सगळं पेरा. दोन जरी आले तरी त्यातून पुढच्या वर्षीचं बी धरता येतं, दुकानात ते पाकीट मिळणार नाहीये. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ला पद्मश्री मिळाली ती असंच गावरान बियाणं जपल्याबद्दल. हायब्रिडच्या जुन्या पाकिटासाठी एवढा खटाटोप नको, त्याचं बी धरून पुढे तसंच फळ येत नाही.

आणि नापास झालेलं बी गुलाबी-निळं दिसत असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं, ते चिमण्यांना टाकू नका, हातही साबणाने धुवा.