एएमडी६४ की एआरएम६४? डाउनलोडच्या पानावरील नावांची उकल

जळगावात नवा लॅपटॉप घेतलेला किंवा धुळ्याच्या महाविद्यालयात लिनक्स बसवू पाहणारा विद्यार्थी डाउनलोडच्या पानावर अडखळतो, कारण तेथे एकाच प्रणालीपुढे ‘एएमडी६४’ आणि ‘एआरएम६४’ अशी प्रोसेसरच्या दोन प्रकारांची नावे दिसतात.

यातील पहिले नाव अधिक फसवे आहे. इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ पासून चालत आलेल्या एक्स८६ या प्रोसेसरांच्या घराण्याला ६४ बिटांपर्यंत नेणारी रचना एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणली आणि पुढे इंटेलनेही ती स्वीकारली. म्हणून लिनक्सच्या वितरणांपैकी डेबियन तिला ‘एएमडी६४’, तर रेड हॅट ‘एक्स८६_६४’ आणि मायक्रोसॉफ्ट ‘एक्स६४’ म्हणते. इंटेलचा प्रोसेसर असलेल्यांनीही हीच फाइल घ्यायची असते. विंडोजमध्ये नुसते ‘एक्स८६’ लिहिलेले असल्यास मात्र ते बहुधा ३२ बिटांसाठी असते (येथे ८६ हा मोठा आकडा लहान, म्हणजे ३२ बिटांची, रचना दाखवतो!).

एआरएम६४ चे घराणे वेगळे. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीत १९८५ मध्ये त्याची पहिली चिप तयार झाली, तर ‘एआर्च६४’ या नावानेही ओळखली जाणारी ६४ बिटांची रचना २०११ मध्ये जाहीर झाली. आजचे बहुतेक मोबाइल, ॲपलचे एम मालिकेतील मॅक आणि स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे लॅपटॉप याच गटात येतात.

जुन्या सॉफ्टवेअरवर काम चालणाऱ्याने एक्स८६ घ्यावे, असे माझे मत आहे. एआरएमवर ते अनुकरणाच्या (इम्युलेशनच्या), म्हणजे एक्स८६ ची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आधारे चालते, पण जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर अडतात. लिनक्सवर ‘युनेम -एम’ (uname -m) ही आज्ञा दिल्यास आपल्या यंत्राचे घराणे लगेच कळते.