वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: विमान की बोट?

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे हे दोन चिमुकले विमानतळ आहेत. मधलं अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी याहून लांब आहे! वेळापत्रकात उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली असतात, पण वारा अनुकूल असेल तर त्याहूनही कमी लागतात. विक्रम 53 सेकंदांचा आहे. लोगनएअरची ही सेवा 1967 पासून चालते. ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे छोटं विमान आठेक प्रवासी घेतं, ते फार उंच जातच नाही, त्यामुळे खालचा समुद्र, कुरणं, घरं अगदी स्पष्ट दिसतात.

बोटीला साधारण 25 मिनिटं लागतात. सामान जास्त असेल तर तीच बरी.

घड्याळ बघितलं तर विमानाला तोड नाही. तरी माझं मत असं, की जाताना विमान घ्यावं, पापा वेस्ट्रेवरचं नॅप ऑफ हॉवर हे पाच हजार वर्षांहून जुनं दगडी घर निवांत बघावं आणि परतताना बोटीत बसावं. दोन मिनिटांत ओलांडलेलं पाणी किती रुंद आहे, ते बोटीतूनच कळतं.