तज्ज्ञांच्या हाती किती सत्ता द्यावी? तीन पर्यायांची तुलना

‘राजकारणी नकोत, तज्ज्ञ आणा’ हे पटत असेल, तर तज्ज्ञांना काय सोपवायचे ते आधी ठरवा : सगळे सरकार, काही खाती की एकच काम?

सगळे सरकार सोपवले ते इटलीने, नोव्हेंबर 2011 मध्ये. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा व्याजदर 7 टक्क्यांपलीकडे गेला, पंतप्रधान बेर्लुस्कोनी पायउतार झाले आणि अर्थतज्ज्ञ मारिओ मोंटी पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळात पक्षांचा एकही माणूस नव्हता. संसदेचा विश्वासदर्शक ठराव मात्र रीतसर झाला होता. वेग जबरदस्त! डिसेंबर संपायच्या आत पेन्शन कायदा बदलला, निवृत्तीचे वय वाढले. पण लवकरच पेन्शन सुरू होईल या हिशेबाने कंपनीशी करार करून आधीच नोकरी सोडलेले हजारो लोक मधेच लटकले. पगार बंद, पेन्शन दूर. त्यांना ‘एसोदाती’ म्हणू लागले. त्यांच्यासाठी पुढे वर्षानुवर्षे एकामागून एक सवलती काढाव्या लागल्या. आमच्या मते अशी अडचण आधी मतदारसंघात कळते, आणि मतदारसंघ असलेला कुणी त्या मंत्रिमंडळात नव्हताच. 2013 च्या निवडणुकीत मोंटींच्या आघाडीला जेमतेम 10 टक्के मते पडली.

काही खाती सोपवण्याचा दुसरा पर्यायही इटलीचाच. पंतप्रधान मारिओ द्रागींचे फेब्रुवारी 2021 चे सरकार मिश्र होते : 23 मंत्र्यांपैकी 8 तज्ज्ञ, बाकी पक्षांचे. अर्थ आणि डिजिटल खाती तज्ज्ञांकडे. कामगार आणि आरोग्य राजकारण्यांकडे. ही वाटणी अधिक शहाणपणाची. दोष वेगळाच निघाला. जवळजवळ सगळे मोठे पक्ष सत्तेत गेल्याने विरोधाची जागा सत्तेबाहेर राहिलेल्या जॉर्जिया मेलोनींच्या पक्षाला मोकळी मिळाली. 2018 मध्ये 4 टक्क्यांवर असलेला हा पक्ष 2022 मध्ये 26 टक्क्यांवर पोचला.

तिसरा पर्याय आपल्याकडेच आहे : रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती. महागाईचे लक्ष्य (4 टक्के, दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांची मुभा) सरकार ठरवते, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो) समिती. कुणी कसे मत दिले ते इतिवृत्तात छापून येते. काम एकच आणि मोजता येण्याजोगे असेल, तर आम्ही हाच पर्याय निवडू. पेन्शन, जमीन, आरक्षण यांत कुणाचे तरी नुकसान ठरवून करावे लागते. तिथे निवडून आलेला माणूसच हवा.

समितीतही एक उणीव आहे. सलग तीन तिमाही लक्ष्य हुकले, तर रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणे कळवावी लागतात. 2022 मध्ये ती वेळ आली, पण अहवाल जाहीर झाला नाही. तो संसदेत मांडणे कायद्याने बंधनकारक करायला हवे.