०.११: रेट्रोफिट केलेलं मिलिंग मशीन अकरा महिने वापरल्यावर

६२०६ बेअरिंगचं हाउसिंग, म्हणजे ते बेअरिंग ज्यात बसतं तो भाग. बोअर, म्हणजे त्याचं भोक, ६२ मिमी. एच७ टॉलरन्स, म्हणजे वर ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूट आणि खाली शून्य. हे काम मी या मशीनवर इतक्यांदा केलंय की प्रोग्रॅम न बघता सायकल स्टार्ट दाबतो. गेल्या महिन्यात एके सकाळी बेअरिंग बसेचना. बोअर गेज घालून फिरवला. एक्सच्या दिशेला ६२.०१, वायच्या दिशेला ६१.९५. आत बोट फिरवलं तर घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी नखाला लागेल अशी सपाटी. मशीन तीन दिवस बंद राहिलं. राग आता बराच उतरलाय, पण मथळ्यातला आकडा दिसला की परत चढतो. त्याच्याकडे येतोच.

मशीन कसलं ते थोडक्यात. जुनं व्हर्टिकल मिलिंग, बिडाची जाडजूड बॉडी, मूळ कंट्रोल कधीच मेलेला. त्यावर कुणीतरी स्टेपर मोटरी (दर पल्सला ठरावीक पाऊल फिरणाऱ्या), नवे ड्राइव्ह आणि लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर बसवून, म्हणजे रेट्रोफिट करून, विकायला काढलेलं. नव्याचे पैसे नव्हते आणि बीड बघितलं की मी पाघळतो. तरी घेताना डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं गेज) लावून बघितला होता, अगदीच आंधळेपणाने घेतलं असं नाही. तिन्ही अ‍ॅक्सिस जॉग करून, म्हणजे बटणाने हलवून, पुढे-मागे नेले, पाच मायक्रॉनचाही फरक पडला नाही. एवढ्या जुन्या मशीनला एवढी अचूकता कशी, ही शंका तेव्हाच यायला हवी होती. मी मात्र 'वा, नवे बॉलस्क्रू टाकलेले दिसतायत' म्हणून खूश. बॉलस्क्रू म्हणजे टेबल सरकवणारा आट्याचा दांडा.

पहिले दोन महिने मी या कंट्रोलला फक्त शिव्या दिल्या. त्यातली सगळ्यात मोठी शिवी खरं तर माझ्या वाट्याची होती. आयुष्य जुन्या फानुक कंपनीच्या कंट्रोलवर गेलेलं. तिथे दशांशाचा पॉइंट न देता झेड-५० (झेड म्हणजे वर-खाली) लिहिलं तर मशीन ५० मायक्रॉन खाली जायचं. इथे ५० म्हणजे सरळ ५० मिलिमीटर. जुनाच प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून टाकला आणि १० मिमीचा कार्बाइड एंड मिल डोळ्यांदेखत व्हाइसच्या जबड्यात घुसला. झेड-५०० असतं तर रेंजच्या बाहेर म्हणून कंट्रोलने आधीच अडवलं असतं. ५० मात्र रेंजमध्ये बसत होतं, त्याने बिचाऱ्याने सांगितलं ते केलं. व्हाइसवर ती खाच अजून आहे. मुद्दाम घासली नाही.

नंतर मत बदलायला लागलं. जुन्या कंट्रोलची मेमरी कागदी टेपच्या लांबीत मोजायचे. एका इंचात दहा अक्षरं, म्हणजे ८० मीटर टेपची मेमरी ही साधारण ३१-३२ हजार अक्षरं. मोल्डचं थोडं वळणदार काम आलं की प्रोग्रॅम तुकडे करून आरएस-२३२ च्या केबलने भरवत बसायचं. इथे लाख ओळींची फाइल अशी उघडते आणि अशी चालते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेत सुरू झालेल्या कामातून ते वाढत आलंय, २०११ पासून लिनक्ससीएनसी या नावाने. महत्त्वाचं म्हणजे त्याची सगळी सेटिंग साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. कुणीही उघडावी, वाचावी. मी अकरा महिन्यांत उघडली नाही, हा भाग वेगळा.

मध्येच वायरिंगचं बोलून घेतो, नाहीतर राहील. पॅनेल उघडलं तर सगळ्या वायरी काळ्या. एकाही वायरीला नंबर नाही, फेरूल नाही, ड्रॉइंग नाही. यापेक्षा वाईट म्हणजे इमर्जन्सी बटणाची वायर फक्त कॉम्प्युटरच्या इनपुटला जोडलेली. म्हणजे कॉम्प्युटर हँग झाला तर लाल बटण हे शोभेचं. ते मी पहिल्याच आठवड्यात बदलून घेतलं. मशीन बघायला जाल तेव्हा बटण दाबा आणि कान द्या. पॅनेलमध्ये काँटॅक्टर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पडल्याचा 'खट्' आला पाहिजे. नुसता स्क्रीनवर लाल रंग आला तर समजून घ्या. मग बंद अवस्थेत लिमिट स्विचची (टेबल टोकाला गेलं की मशीन थांबवणाऱ्या) एक वायर काढायला सांगा. परत चालू केल्यावर मशीनने कुरकुर करायला हवी. गुमान चालायला लागलं, तर स्विच उलटा जोडलाय. उद्या ती वायर तुटली तर कुणालाच कळणार नाही.

आता तो बोअर. मला पहिला संशय स्टेपरवर. स्टेप सुटतायत, सर्वो (आपली जागा स्वतः तपासणाऱ्या मोटरी) असते तर असं झालं नसतं, वगैरे. ड्राइव्ह बदलायचं ठरवून चौकशीही सुरू केली. आमच्याकडे मेंटेनन्सला येणारे एक काका आहेत, ते शांतपणे म्हणाले, "आधी शंभर वेळा पळव की रे." वायला डायल लावला, झिरो घेतला, टेबल शंभर वेळा मागे-पुढे पळवून त्याच बाजूने परत आणलं. काटा झिरोवर. स्टेप सुटत असत्या तर चूक साचत गेली असती. मग दुसऱ्या बाजूने त्याच जागी आणलं. काटा सहा घरं बाजूला. ६० मायक्रॉन. म्हणजे स्टेपर निर्दोष, दुखणं लोखंडात.

"आता मोटरी चालूच ठेव आणि टेबल हाताने ढकल," काका म्हणाले. मोटरी करंट धरून घट्ट उभ्या. मी टेबलाला दोन्ही हातांनी पुढे रेटलं, मग मागे ओढलं. डायलचा काटा सतरा घरं फिरला. ०.१७.

इथे माझं डोकं चालेना. जॉगला ०.०६ आणि हाताने ०.१७, मग मधले ०.११ गेले कुठे? काकांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. सेटिंगची फाइल उघडली. वाय अ‍ॅक्सिसच्या भागात बॅकलॅशच्या, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणाऱ्या मोकळ्या हालचालीच्या भरपाईच्या, ओळीपुढे लिहिलेलं होतं: ०.११. एक्सच्या पुढे ०.००. बाजूला कसली नोंद नाही, तारीख नाही, काही नाही.

म्हणजे मी घेतलं त्या दिवशीच वायमध्ये ११० मायक्रॉनचा प्ले, म्हणजे हीच मोकळी हालचाल, होता. ५ मिमी पिचचा स्क्रू, फेऱ्याला २००० पल्स, म्हणजे एका पल्सला अडीच मायक्रॉन. दिशा बदलली की कंट्रोल गुपचूप ४४ पल्स जास्तीचे द्यायचा आणि माझा डायल खूश व्हायचा. माझी सगळी तपासणी ही त्या एका ओळीची तपासणी होती. मशीनची नव्हतीच.

बॅकलॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे ही भरपाई, हे पाप आहे असं मी म्हणत नाही. जुन्या मशीनला थोडं द्यावंच लागतं. पण ते टेबल कुठे न्यायचं एवढंच सांभाळतं, टेबल तिथे धरून ठेवत नाही. क्लाइंब मिलिंग करताना, म्हणजे कटरचे दात जॉबच्या सरकण्याच्याच दिशेने कापत असताना, कटर जॉबला स्वतःकडे ओढतो आणि टेबल त्या मोकळ्या जागेत धक्के खातं. गेले सहा महिने वायच्या बाजूला फिनिश खराब येतंय म्हणून मी तीन कंपन्यांचे कटर बदलून बघितले. त्या कटरांचा हिशेब लिहीत नाही, घरचेही हे वाचतात.

कव्हर काढून स्क्रूच्या टोकाचा बेअरिंग ब्लॉक उघडला. आत लॉकनट सैल. त्याचा बारका ग्रब स्क्रू नीट आवळलेलाच नव्हता, त्यामुळे नट रोज तिळातिळाने मागे सरकत होता. १ मिमी पिचचा आटा. नट जेमतेम फेऱ्याचा आठवा हिस्सा आवळला, ग्रब स्क्रू बसवला, परत ढकलून बघितलं: ०.०४. तीन दिवसांतले अडीच दिवस शोधण्यात गेले, आवळायला दहा मिनिटं. ज्याने रेट्रोफिट केलं त्यालाही दहाच मिनिटं लागली असती. त्याने पान्याऐवजी कीबोर्ड उचलला. मला राग आहे तो एवढ्याचाच. प्ले असल्याचा नाही, जुन्या लोखंडात असायचाच. तो चार अक्षरांत झाकल्याचा.

त्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, सगळेच टाकतात." खरं असेलही.

मग असलं मशीन घ्यावं का? बीड चांगलं असेल तर हो, मी परत घेईन. पण बघायला जाताना डायलच्या आधी पेन ड्राइव्ह खिशात टाकेन. सेटिंगची फाइल मागायची, बॅकलॅशचे सगळे आकडे शून्य करायला लावायचे, कंट्रोल परत चालू करायचा आणि मग डायल लावायचा. मोटरी चालू ठेवून टेबल ढकलायचं. टेबल मध्यावर असताना एकदा आणि दोन्ही टोकांना एकेकदा, कारण जुनी मशीनं मध्यावर जास्त झिजलेली असतात. मध्यावर गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) आवळला की टोकाला टेबल जाम होतं, हेही तिथेच कळेल. ऑइलचा पंप मारून प्रत्येक स्लाइडवर तेल येतंय का ते बोटाने बघायचं, माझ्या एका लाइनचा मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण बुजलेला निघाला. स्पिंडलला नुसता व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून बेल्टचे टप्पे काढून टाकले असतील, तर कमी आरपीएमला ताकद मिळणार नाही. माझ्या मशीनवर ६३ मिमीचा फेस मिल स्टीलमध्ये धाप टाकतो.

उरलेले ०.०४ बॉलनटमधले आहेत. नवा बॉलस्क्रू टाकला तर जातील, पण तो खर्च यंदा करणार नाही. फाइलमध्ये आता मी ०.०४ टाकलंय, शेजारी तारीख आणि 'नट झिजलाय, लपवलेलं नाही' असं लिहून ठेवलंय. ६२ चे बोअर रफिंगपुरते (पहिल्या जाड कटापुरते) इंटरपोलेट करतो, म्हणजे एक्स-वाय एकत्र चालवून टेबल गोल फिरवत कापतो, आणि शेवटचा कट बोरिंग हेडने घेतो. त्यात टेबल हलतच नाही, त्यामुळे गोलाई स्पिंडलवर अवलंबून राहते, आणि स्पिंडल या मशीनचा अजून फर्स्ट क्लास आहे. वेळ थोडा जास्त जातो. काल चाळीस हाउसिंग काढली, चाळीसही बसली.