दुबईचा भागीदार आणि आमचे 3 लाख 40 हजार

वरुड तालुक्यात आमची संत्रा उत्पादकांची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. मी तिचा एक संचालक. म्हणजे पुढे सांगतो त्या मूर्खपणावर माझीही सही आहे.

बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं तेव्हापासून आमच्या संत्र्याची तिकडची वाट अरुंद झाली. ग्रेडिंग-वॅक्सिंगचं (फळं आकारानं निवडून त्यांना मेण लावायचं) युनिट टाकून दुसरा बाजार धरायचा, तर भांडवल नाही. अशात ओळखीतून एक 'आंतरराष्ट्रीय कंपनी कायद्याचे सल्लागार' आले. कडक इस्त्री, अस्खलित इंग्रजी. दुबईचा गुंतवणूकदार आमच्या कंपनीचे 26 टक्के शेअर घेऊन 2 कोटी टाकणार होता.

चाळीस पानांचा करार आला. आम्ही त्यातले आकडे तेवढे वाचले. मग फी सुरू झाली. मसुद्याचे 90 हजार, तिकडची कागदपत्रं साक्षांकित करायचे 70 हजार, आणि 'रिझर्व्ह बँकेत अडकलेला पैसा सोडवायला' 1 लाख 80 हजार. हे शेवटचे पैसे परराज्यातल्या कोणाच्या तरी बचत खात्यात गेले. सभेत एक म्हातारे सभासद म्हणाले, "भाऊ, पैसा तो देऊन राह्यला म्हन्ता, मंग आपल्यालेच काहून मांगते?" आम्ही हसलो. आता त्यांच्या दारावरून मी गाडी हळू करत नाही.

फोन बंद झाल्यावर अमरावतीच्या एका कंपनी सेक्रेटरी ताईंकडे गेलो. त्यांनी करार उघडलाच नाही. कंपनी कायदा 2013 मधलं उत्पादक कंपन्यांचं प्रकरण काढलं, कलम 378ए पासूनचं. सभासद फक्त प्रत्यक्ष उत्पादक किंवा उत्पादकांची संस्था. सभासदानं आपला शेअर दुसऱ्याला द्यायचा तर सक्रिय सभासदालाच, तोही दर्शनी किमतीला. दुबईच्या माणसाला आमचा एकही शेअर घेता येत नव्हता, 26 टक्के तर सोडाच! हे आमच्याच कंपनीच्या नियमावलीत होतं, कपाटात.

रिझर्व्ह बँकेचंही त्यांनी सांगितलं. एखाद्या साध्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये परदेशी भांडवल आलं, तर ते बँकेतूनच येतं. शेअर दिल्यावर 30 दिवसांत कंपनीनं त्याची माहिती रिझर्व्ह बँकेला देणारा एफसी-जीपीआर हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. पैसा सोडवायला रिझर्व्ह बँक कोणाकडून फी मागत नाही. ताईंना विचारायला आम्हाला दहा मिनिटं लागली. बसचं तिकीट वेगळं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर फोन केला तो अठरा दिवसांनी. तोवर खातं रिकामं झालं होतं.

परवा मोर्शीकडच्या एका संचालकानं व्हॉट्सॲपवर करार पाठवला, "पाहून घे बरं" म्हणून. चाळीस पानंच. बाराव्या पानावर आमच्या कंपनीचं नाव खोडायचं राहून गेलं होतं.