पोकरमध्ये बटनवरून प्रीफ्लॉप: नुसता कॉल की थ्री-बेट?

कटऑफने, म्हणजे बटनच्या (डीलरच्या जागेच्या) लगेच उजवीकडच्या खेळाडूने, २.५ ब्लाइंडचा रेझ केलाय, म्हणजे पैज वाढवलीय. तुम्ही बटनवर आहात आणि मागे फक्त दोन ब्लाइंड, म्हणजे सुरुवातीलाच सक्तीची पैज लावणारे खेळाडू, बोलायचे राहिलेत (स्मॉल ब्लाइंडची पैज अर्धी, बिग ब्लाइंडची एक; रकमा इथे बिग ब्लाइंडमध्ये मोजल्यात). हात खेळण्याजोगा आहे, म्हणजे आता दोन वाटा उरतात: कॉल करून (तेवढीच पैज लावून) फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामायिक पत्ते, बघायचा, नाहीतर ८ ब्लाइंडपर्यंत थ्री-बेट, म्हणजे त्या रेझवर पुन्हा रेझ, करायची. बहुतेक जण हा निर्णय हातातल्या पत्त्यांवरून घेतात. माझं ठाम मत आहे की आधी उजवीकडच्या कटऑफकडे बघावं, मग डावीकडच्या ब्लाइंडकडे आणि पत्त्यांकडे शेवटी. पुढचं सगळं सहा जणांचं कॅश टेबल आणि १०० ब्लाइंडचा स्टॅक (खेळाडूसमोरचे चिप्स) धरून लिहितोय.

आधी आकडे. तुमच्यापर्यंत येताना पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या पैजेत) ४ ब्लाइंड असतात. कॉल केलात की पॉट ६.५ चा होतो, म्हणजे निव्वळ पॉट ऑड्सने (टाकायची रक्कम आणि पॉट यांच्या प्रमाणाने) ३८-३९ टक्के इक्विटी (पॉटमधला सरासरी वाटा) पुरते. बटनवरून फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी शेवटी बोलायला मिळतं, त्यामुळे हे स्वस्त वाटतं. पण तुमच्या कॉलने बिग ब्लाइंडचंही फावतं, हे लक्षात घ्या. स्मॉल ब्लाइंड फोल्ड झाला (त्याने पत्ते टाकले), तर बिग ब्लाइंडला ६.५ च्या पॉटसाठी फक्त १.५ टाकायचे असतात. १९ टक्के इक्विटीसुद्धा त्याला पुरते, त्यामुळे तो जवळपास काहीही घेऊन आत येतो. किंवा उलट होतं: ब्लाइंडमधला आक्रमक खेळाडू स्क्वीझ (रेझ आणि कॉल झाल्यावर मोठा रेझ) मारतो आणि तुम्हाला फ्लॉप न बघताच २.५ ब्लाइंड सोडून द्यावे लागतात.

थ्री-बेटमध्ये हे दोन्ही धोके बरेच कमी होतात. ब्लाइंड सहसा बाजूला होतात, पुढाकार तुमच्याकडे येतो आणि पॉट तिथल्या तिथे जिंकण्याची संधी मिळते. बऱ्याच टेबलांवर फ्लॉप आला नाही तर रेकही (खेळ चालवणाऱ्याचा पॉटमधला वाटा) कापला जात नाही. छोट्या स्टेकवर रेक पॉटच्या मानाने जड असतो, म्हणून तिथे हा मुद्दा मी फार महत्त्वाचा मानतो. मात्र ४ मिळवायला तुम्ही ८ लावताय. पत्ते अगदीच टाकाऊ असतील, तर तीनपैकी दोन वेळा सगळ्यांनी फोल्ड केलं तरच बरोबरी होते. इतके फोल्ड सहसा मिळत नाहीत. म्हणून ब्लफ करतानाही हातात पुढे सुधारायची ताकद लागते.

सूटेड (दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे) एक्का-पंजी हा त्यासाठी नमुनेदार हात आहे. एक एक्का तुमच्याकडे असल्यामुळे समोरच्याला एक्क्यांची जोडी मिळण्याच्या ६ शक्यतांपैकी ३ च उरतात आणि एक्का-राजाच्या १६ पैकी १२. म्हणजे फोर-बेट (थ्री-बेटवर पुन्हा रेझ) होण्याची भीती कमी. कॉल झालाच, तर फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) आणि स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) दोन्हींची आशा राहते. याउलट ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचा) राजा-गुलाम दिसायला देखणा असतो, पण कॉल करणाऱ्याच्या हातात एक्का-राजा किंवा राजा-राणी निघाली, तर राजा लागूनही आपण मागेच. तो मी इथे सरळ टाकतो.

आता माणसं. कटऑफ भरपूर हात उघडत असेल आणि थ्री-बेटला पटकन सोडत असेल, तर बिनधास्त वाढवा. तो काही केल्या सोडतच नसेल, तरीही वाढवा, पण ब्लफ बंद करून. तेव्हा दश्श्यांची जोडी किंवा सूटेड एक्का-गुलामसुद्धा व्हॅल्यूसाठी (कमकुवत हातांकडून कॉल मिळवण्यासाठी) चालतात. अगदी मोजके हात खेळणारा असेल, तर सूटेड एक्का-राणीचाही नुसता कॉल मला पटतो, कारण त्याच्या रेंजमधून (तो खेळत असलेल्या हातांमधून) थ्री-बेटला टिकणारे हात बहुतेक आपल्यापेक्षा सरसच असतात. कॉलची वाट खरी खुलते ती ब्लाइंडमध्ये ढिला, क्वचितच रेझ करणारा खेळाडू बसलेला असताना. त्याला आत येऊ द्यायचं आणि छोट्या जोड्या किंवा सूटेड सत्ती-छक्कीसारख्या हातांनी मोठा पॉट शोधायचा.

छोट्या जोडीला फ्लॉपवर सेट (जोडीचाच तिसरा पत्ता) साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतो, त्यामुळे समोर खोल स्टॅक हवाच. कॉलनंतर फ्लॉपला मागे उरलेला स्टॅक पॉटच्या १५ पट असतो. थ्री-बेटला कॉल आल्यावर तो ५ पटींच्या आसपास उतरतो, मग टेबलावरच्या सर्वात मोठ्या पत्त्याशी जुळलेली एक जोडीही सगळे चिप्स आत ढकलायला पुरू शकते. एक्का-राजा आणि राण्यांपासून वरच्या जोड्या मी थ्री-बेट करतो त्याचं हेही एक कारण.

स्टॅक ४० ब्लाइंडचा असेल, तर छोट्या जोड्यांचे आणि कनेक्टरचे (सत्ती-छक्कीसारख्या लागोपाठच्या पत्त्यांचे) कॉल कमी करा आणि थ्री-बेट ८ ऐवजी ६ च्या आसपास ठेवा. २० च्या खाली गेलात, तर मधल्या जोड्या आणि एक्का-राणी घेऊन थेट ऑल-इन (सगळे चिप्स लावणं) हाच सोपा पर्याय.