मिरीला जर्मनीला नेताना: पाळीव प्राण्यांच्या स्थलांतर सेवेचा अनुभव

मिरी ही आमची 18 किलो वजनाची, उभ्या कानांची देशी कुत्री. नवऱ्याला फ्रँकफर्टजवळ दोन वर्षांचे काम मिळाले तेव्हा तिला मागे ठेवण्याचा विषयही घरात निघाला नाही, आणि पाळीव प्राणी परदेशी पोहोचवणाऱ्या पुण्यातील एका एजन्सीकडे आम्ही हे काम सोपवले. एजन्सीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जी तक्रार आहे ती एका समन्वयकाच्या चुकीची आहे आणि इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

युरोपीय संघाच्या नियमांत क्रमाला फार महत्त्व आहे. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला आधी 15 अंकी ओळख क्रमांकाची, कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना आणि नमुना घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा तो क्रम आहे. संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण प्रतिमिलिलिटर किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरावे लागते. मिरीची लस एकाही वर्षी चुकलेली नव्हती, मात्र चिप बसवलेली नव्हती. समन्वयकाने लसीकरणाच्या पुस्तिकेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले आणि ‘लस चालू आहे, चिप बसवून लगेच रक्त पाठवू’ असे कळवले. चिप बसवताना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच आम्हाला थांबवले: चिपच्या आधी दिलेली लस या कामासाठी धरलीच जात नाही. लस पुन्हा द्यावी लागली आणि सगळे वेळापत्रक तिथून नव्याने सुरू झाले. डॉक्टरांच्या हे लक्षात आले नसते तर चूक कदाचित थेट विमानतळावर उघडकीस आली असती. ज्या कामाचे पैसे घेतले जातात त्याच कामातील ही चूक असल्यामुळे ती क्षुल्लक मानता येत नाही.

नवऱ्याला ठरल्या तारखेला रुजू होणे भाग होते. येथे एजन्सीने वेळीच सावध केले, हे मान्य केले पाहिजे. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले तर तो घरगुती प्रवास न राहता व्यापारी आयात ठरतो आणि त्याचे नियम वेगळे असतात. म्हणून मालक म्हणून सर्व कागदांवर माझे नाव घातले गेले, आणि मिरीसाठी मी चार महिने मागे राहिले. (सासूबाईंच्या मते हा सगळा बेत मिरीनेच रचला होता.)

क्रेटच्या, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याच्या, बाबतीत मात्र एजन्सीच्या माणसाला पैकीच्या पैकी गुण. तो फीत घेऊन घरी आला. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, ही क्रेटची आतील लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट, ही रुंदी. उंची मी डोक्यापर्यंत धरली होती. त्याने मिरीला बिस्किट दाखवून मान वर करायला लावली आणि माप कानांच्या टोकापर्यंत घेतले, त्यामुळे मी ऑनलाइन निवडलेला क्रेट एका मापाने लहान ठरला. क्रेट महिनाभर आधी आणून, त्याचे दार काढून दिवाणखान्यात ठेवायला त्यानेच सांगितले. माझी जुनी चादर आत अंथरल्यावर तिसऱ्या दिवशी मिरी दुपारची झोप तिथेच घेऊ लागली. प्रवासात गुंगीचे औषध द्यावे, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता; त्याला एजन्सीने ठाम नकार दिला आणि तो योग्यच होता.

एजन्सीच्या शुल्काचे खरे चीज शेवटच्या दहा दिवसांत झाले. आरोग्य प्रमाणपत्र शासकीय पशुवैद्यकांनी युरोपात पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतच द्यायचे असते, आणि त्यावरील सही छपाईपेक्षा वेगळ्या रंगात लागते. त्यांचा माणूस खिशात निळ्या शाईची दोन पेने घेऊनच मुंबईच्या पशु विलगीकरण कार्यालयात आला होता. पुण्याहून मिरीला घेऊन जाणे, तपासणी आणि कार्गोमधील नोंदणी ही कामे मला एकटीला झेपली नसती.

फ्रँकफर्टला लुफ्तान्सा कार्गोचे प्राण्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे चिप वाचून तिचा क्रमांक कागदांशी ताडून पाहिला गेला. मिरी बाहेर आली तेव्हा चादर ओली होती आणि तिचा आवाज बसला होता, पण पाणी पिऊन झाल्यावर तिने पार्किंगमधले प्रत्येक चाक हुंगून पाहिले.

एकूण खर्च आमच्या दोघांच्या तिकिटांच्या बेरजेहून जास्त झाला. तिथल्या तपासणीचे शुल्क मूळ दरपत्रकात धरलेले नव्हते, तेव्हा ते आधीच लेखी विचारून घ्यावे. माझ्या मते चिप, लस आणि रक्त यांच्या तारखा स्वतः वहीत मांडून आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात, आणि एजन्सी नेमावी ती क्रेट व शेवटच्या टप्प्यासाठी. पाचपैकी साडेतीन गुण. पोहोचल्यानंतरच्या गोष्टींबद्दल त्यांनी काहीच सांगितले नाही; जर्मनीत कुत्र्यावर पालिकेचा कर असतो, हे आम्हाला शेजारच्या आजींकडून कळले.